लाउडा फुजीला घाबरला होता का?

प्रश्न नाशिकच्या एका वडिलांचा आहे. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, कार्टिंग करतो आणि बऱ्यापैकी वेगवान आहे. १९७६च्या फॉर्म्युला वन मोसमावरचा चित्रपट बापलेकांनी मिळून पाहिला आणि तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. मुलाचं म्हणणं असं की निकी लाउडा जपानमध्ये, फुजीच्या ट्रॅकवर, घाबरला, भर पावसात गाडी थांबवून उतरला आणि हातातलं विजेतेपद जेम्स हंटला देऊन बसला. खरा चॅम्पियन असं करत नाही. वडिलांना ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. त्यातच लाउडाने बँकेचं कर्ज काढून रेसिंगमध्ये जागा मिळवली होती, हे त्यांच्या वाचनात आलं. म्हणून त्यांनी विचारलंय : लाउडा भित्रा होता का, त्याच्या कारकिर्दीतून मुलाने काय उचलावं, आणि आपणही कर्ज काढावं का? शेवटी एक छोटा प्रश्नही आहे, मुलाला पावसात सराव करू द्यावा का?

मी रेस इंजिनिअर आहे. चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाड्यांचं सेट-अप, म्हणजे ट्रॅकप्रमाणे गाडीची जुळणी, करण्यात बरीच वर्षं गेली, आता तरुण ड्रायव्हरांबरोबर जास्त काम करतो. त्यामुळे माझं उत्तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त होतात तिथे, उभं राहून ड्रायव्हरचं बोलणं ऐकणाऱ्या माणसाचं आहे. त्या जागेवरून मला तुमच्या सगळ्या प्रश्नांमागे एकच प्रश्न दिसतो. मुलाच्या हातात वेग आलाय. वेग आल्यावर पुढची पायरी असते ती गाडीत, ट्रॅकवर आणि स्वतःच्या अंगात काय चाललंय हे जसंच्या तसं ओळखण्याची आणि ते बोलून दाखवण्याची. लाउडाचं मोठेपण मी तिथे मानतो. फुजीचा निर्णय त्याच गुणातून आला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचा मुलगा चालवताना मी पाहिलेला नाही. घरची आर्थिक स्थिती मला माहीत नाही. पावसाचं उत्तर ट्रॅक कसा आहे, टायर कोणते मिळतात यावर ठरेल. लाउडाबद्दल मात्र मी ठामपणे बोलू शकतो, कारण त्याच्या कारकिर्दीतल्या निर्णयांची कारणं त्याने स्वतः वेळोवेळी स्पष्ट सांगितली आहेत.

लाउडाचा जन्म २२ फेब्रुवारी १९४९चा, व्हिएन्नाचा. घराणं श्रीमंत होतं, आजोबा हान्स लाउडा हे ऑस्ट्रियातलं उद्योगक्षेत्रातलं मोठं नाव. घरच्यांना त्याचं रेसिंग अजिबात मान्य नव्हतं. एका बँकेने त्याला प्रायोजकत्व द्यायचं कबूल केलं, तेव्हा आजोबांनी आपलं वजन वापरून ते मोडलं. मग त्याने दुसऱ्या बँकेकडून कर्ज घेतलं, तारण म्हणून स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसी ठेवली आणि त्या पैशावर मार्च टीममध्ये जागा मिळवली. १९७१च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केलं. १९७२चा मोसम संपला तेव्हा खात्यात एकही गुण नव्हता, जागा गेली होती आणि कर्ज मात्र तसंच उभं होतं. १९७३ साली पुन्हा पैशाची जुळवाजुळव करून तो बीआरएम टीममध्ये शिरला. तोवर त्याची ओळख एकच, पैसे भरून आलेला ड्रायव्हर.

त्या वाईट मोसमातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगतो. मार्चने त्या वर्षी ७२१एक्स नावाची गाडी काढली होती. टीमचा मुख्य ड्रायव्हर होता रॉनी पीटरसन, त्या काळातल्या सगळ्यात वेगवान ड्रायव्हरांपैकी एक. गाडीत दोष असला तरी पीटरसन ती आडवीतिडवी घालून वेगाने काढायचा. त्याला आणि टीमला गाडी बरी वाटत होती. लाउडाने ती पहिल्यांदा चालवली आणि त्याचं मत झालं की या गाडीत काही अर्थ नाही. नवख्याचं, तेही पैसे भरून आलेल्याचं कोण ऐकणार? पण तीन शर्यतींतच टीमला ती गाडी गुंडाळावी लागली आणि फॉर्म्युला टूच्या चॅसीवरून, म्हणजे सांगाड्यावरून, नवी गाडी उभी करावी लागली. पीटरसनचा वेग खरा होता यात शंका नाही. मात्र ज्याच्या हातात इतकी जादू असते, तो गाडीचा दोष नकळत स्वतःच्या हातांनी भरून काढतो आणि इंजिनिअरला तो दोष दिसतच नाही. लाउडाच्या हातात तेवढी जादू नव्हती असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. त्याच्या पाठीला आणि पायांना गाडी जे सांगायची ते त्याच्या तोंडातून न बदलता बाहेर यायचं, आणि इंजिनिअरसाठी याहून मोलाचं दुसरं काही नसतं.

१९७३च्या मोनॅको शर्यतीत, बीआरएमसारख्या मागे पडलेल्या गाडीत, गिअरबॉक्स जाईपर्यंत तो तिसरा होता. ते एन्झो फेरारींच्या नजरेत भरलं. बीआरएममधला त्याचा सहकारी क्ले रेगाझोनी फेरारीत परत चालला होता, त्यानेही लाउडासाठी शब्द टाकला. फिओरानोच्या ट्रॅकवरच्या पहिल्या चाचणीचा किस्सा लाउडा आयुष्यभर सांगत असे. गाडी कशी आहे, असं एन्झोंनी विचारलं. दुभाष्याचं काम त्यांचा मुलगा पिएरो करत होता. लाउडा म्हणाला, गाडी वाईट आहे. पिएरोने त्याला सावध केलं की इथे असं बोलता येत नाही. मग लाउडाने तेच तपशिलात सांगितलं : गाडी पुढून घसरते, अंडरस्टीअर आहे, पुढचं सस्पेन्शन बदलायला हवं. एन्झोंनी मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरींना बोलावून बदल करायला सांगितला आणि लाउडाला बजावलं की आठवड्याभरात अर्धा सेकंद निघाला नाही तर तू बाहेर. अर्धा सेकंद निघाला.

हा किस्सा ऐकला की लोकांना लाउडाचा स्पष्टवक्तेपणा आवडतो. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. गाडी वाईट आहे हे कोणीही म्हणेल. कुठे वाईट आहे, काय केलं तर सुधारेल आणि किती सुधारेल हे सांगून त्यावर आपली नोकरी लावायला त्याची तयारी होती.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सेशन संपल्याबरोबर लॅप टाइम दाखवत नाही. आधी विचारतो, कुठल्या वळणात काय झालं? ब्रेक लावताना झालं, स्टिअरिंग वळवताना, वळणाच्या मध्यात, की थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, देताना? पुढून घसरली की मागून सुटली? पहिल्या लॅपपासून तसंच होतं की टायर तापल्यावर सुरू झालं? हे सगळं लिहून घेतो आणि मगच डेटा उघडतो. पोट दुखतंय एवढंच सांगणाऱ्या पेशंटला डॉक्टर जसे इथे दाबल्यावर दुखतं का, जेवल्यावर दुखतं का असं विचारत नेमक्या जागी आणतात, तसंच हे आहे. बहुतेक मुलं सुरुवातीला म्हणतात, ‘सगळं ओके आहे, सर.’ डेटा पाहिला तर दर लॅपला तिसऱ्या वळणात स्टिअरिंगची दुरुस्ती दिसते, थ्रॉटल दोनदा उचललेला दिसतो. मुलगा खोटारडा नसतो. मागे वडील उभे असतात, नव्या टायरचे पैसे भरलेले असतात, आणि ‘मला इथे भीती वाटली म्हणून पाय उचलला’ हे वाक्य कोणासमोर बोलायचं हे त्याला कळत नसतं. ते वाक्य ज्या मुलाला सहज बोलता यायला लागतं तो पुढे फार झपाट्याने सुधारतो, असा माझा अनुभव आहे.

फेरारीत लाउडाला ऐकणारी माणसं मिळाली. फोर्गिएरींसारखा अभियंता, लुका दी मॉन्तेझेमोलोसारखा व्यवस्थापक आणि हाताशी स्वतःचा टेस्ट ट्रॅक. १९७४ साली हारामाला त्याने पहिली शर्यत जिंकली. १९७५ला ३१२टी ही नवी गाडी आली. तिचा गिअरबॉक्स आडवा बसवलेला होता, त्यामुळे वजन दोन्ही आसांच्या मध्ये एकवटलं आणि गाडी वळणात चपळ झाली. मोनॅको, झोल्डर, अँडरस्टॉर्प आणि पॉल रिकार्ड या ट्रॅकवर तो जिंकला, मोन्झाला विजेतेपद पक्कं झालं आणि नंतर वॉटकिन्स ग्लेनही जिंकली. १९६४च्या जॉन सर्टीजनंतर फेरारीला मिळालेला तो पहिला विश्वविजेता ड्रायव्हर.

त्याच वर्षी न्युरबुर्गरिंगच्या जुन्या, जवळपास २३ किलोमीटरच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत लाउडाने ६ मिनिटं ५८.६ सेकंदांची लॅप काढली. तिथे सात मिनिटांच्या आत येणारा तो पहिला माणूस. पुढच्याच वर्षी याच माणसाने सहकाऱ्यांना सांगितलं की हा ट्रॅक धोकादायक आहे, इथे शर्यत करू नका. इतक्या लांब ट्रॅकवर आगीचे बंब, डॉक्टर, मार्शल पुरेसे ठेवणं शक्य नाही, हा त्याचा मुद्दा होता. ड्रायव्हरांच्या मतदानात तो हरला. तुमच्या मुलाला ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून दाखवा. त्या ट्रॅकवरचा सर्वांत वेगवान माणूसच तिथे शर्यत नको म्हणत होता.

१ ऑगस्ट १९७६ रोजी दुसऱ्या लॅपमध्ये, बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे, त्याची गाडी कठड्यावर आदळून परत ट्रॅकवर आली आणि पेटली. मागून येणाऱ्या गाड्याही तिच्यावर धडकल्या. त्याला बाहेर काढलं ते आर्तुरो मेर्झारिओ, ब्रेट लंगर, गाय एडवर्ड्स आणि हाराल्ड एर्टल या इतर ड्रायव्हरांनी. मदत इतक्या लांबच्या ट्रॅकवर वेळेत पोहोचणार नाही, हे लाउडाचं म्हणणं त्याच्याच अंगावर खरं ठरलं. डोकं, चेहरा आणि उजवा कान भाजला होता, पण जिवावर बेतलं ते फुफ्फुसात गेलेल्या विषारी धुरामुळे. रुग्णालयात धर्मगुरूंनी मरणापूर्वीची शेवटची प्रार्थनाही उरकली होती. त्यानंतर फॉर्म्युला वन त्या जुन्या ट्रॅकवर कधीच परतली नाही.

सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, तो मोन्झाच्या शर्यतीत होता आणि चौथा आला. चित्रपटात ही पुनरागमनाची वीरगाथा म्हणून येते. ती आहेच, पण मला त्यातला सरावाचा दिवस अधिक शिकवून जातो. लाउडाने नंतर स्वतः सांगितलं की मोन्झाच्या पहिल्या सरावात भीतीने त्याचं शरीर अक्षरशः ताठरलं, गाडी चालवणं जमेना. बाहेर मात्र त्याने सगळं नियंत्रणात असल्याचंच दाखवलं, कारण शर्यतीच्या तोंडावर भीती जाहीर करून फायदा नव्हता. हॉटेलवर जाऊन त्याने नेमकं काय चुकतंय याचा विचार केला. अपघाताआधीच्या वेगाशी पहिल्याच दिवशी बरोबरी करायला गेलो, हे चुकलं असं त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तो वेगाचं ओझं न घेता निघाला, जिथवर सहज जातं तिथवर गेला आणि तिथून लॅप-लॅपने वर चढला. शर्यतीपर्यंत फेरारीच्या तीन ड्रायव्हरांत तो सर्वांत वेगवान ठरला होता.

अपघातानंतर परतणाऱ्या ड्रायव्हरांबरोबर मी नेमकी हीच पद्धत वापरतो. जुनी लॅप टाइम विसरायची. ज्या वेगाला खांदे सैल राहतात त्या वेगापासून सुरुवात करायची. ब्रेकिंग पॉइंट एका वेळी एकाच वळणाचा पुढे ढकलायचा. भीती दाबून मुलाला पुन्हा त्याच वळणात फेकणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. मूल एकदोनदा दात-ओठ खाऊन जातं, मग कुठेतरी उगाचच स्पिन होतं, आणि नंतर शाळेच्या परीक्षेचं निमित्त काढून हळूहळू यायचं बंद होतं.

आता फुजी. २४ ऑक्टोबर १९७६, मोसमातली शेवटची शर्यत. लाउडाचे गुण ६८, हंटचे ६५. मुसळधार पाऊस, ट्रॅकवर पाण्याचे ओहोळ, वर धुकं. शर्यत बराच वेळ लांबवली गेली आणि प्रकाश कमी होत असताना अखेर सुरू झाली. लाउडाने दुसऱ्या लॅपला गाडी पिटमध्ये आणली. त्याच्या पापण्या भाजलेल्या होत्या, डोळे नीट मिचकावता येत नव्हते आणि पुढच्या गाड्यांच्या फवाऱ्यात समोरचं काहीच दिसत नव्हतं. हे आपल्याकडच्या पावसाळी सरावात मी अनेक ड्रायव्हरांकडून ऐकलंय : स्लिकवर, म्हणजे खाचा नसलेल्या टायरवर, आलेली गाडी सुटली तर ती पकडता येते, पण पाण्यावर टायर तरंगायला लागले, म्हणजे ॲक्वाप्लेनिंग सुरू झालं, की स्टिअरिंग, ब्रेक, थ्रॉटल सगळं हातातून जातं. तिथे कौशल्य कमी-जास्त असण्याचा प्रश्नच राहत नाही. नशीब चांगलं असेल तर पलीकडे निघता.

आणि थांबणारा तो एकटा नव्हता. दोनदा विश्वविजेता झालेला एमर्सन फिटिपाल्डी थांबला, पावसातला उत्तम ड्रायव्हर मानला जाणारा कार्लोस पाचे थांबला, लॅरी पर्किन्सही थांबला. फरक इतकाच की त्यांच्यापुढे विजेतेपद नव्हतं.

त्या पिटमध्ये घडलेली गोष्ट चित्रपट पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. फोर्गिएरींनी लाउडाला सुचवलं की इंजिनात बिघाड झाला असं आपण सांगू. लाउडाने नकार दिला. मी थांबलो कारण असं चालवणं वेडेपणा आहे, हेच कारण द्यायचं, असं त्याने ठरवलं. भित्रा माणूस इंजिनाचं निमित्त आनंदाने घेतो. इथे एक माणूस आहे ज्याच्या हाती जगासमोर इज्जत वाचवायचा रस्ता आहे, आणि तो इंजिनिअरला खरा फीडबॅक देतोय, या वेळी स्वतःबद्दल. नंतर पाऊस थांबला, ट्रॅक वाळत गेला. हंटचा टायर गेला, तो पिटमध्ये आला, पुन्हा जीव तोडून चालवत तिसरा आला आणि ६९ गुणांनी विजेता झाला. पाऊस थांबणार होता हे लाउडाला माहीत असतं तर तो कदाचित थांबला नसता. पण दुसऱ्या लॅपला जे दिसत होतं त्यावरूनच निर्णय घ्यायचा होता, आणि त्या माहितीवर तो निर्णय मला बरोबर वाटतो. हंटचंही मी कौतुक करतो. मिळालेल्या संधीचं त्याने सोनं केलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मुलाला सांगा.

इथवरचं थोडक्यात : मार्चमध्ये गाडीबद्दल, फेरारीत मालकासमोर गाडीबद्दल, न्युरबुर्गरिंगला ट्रॅकबद्दल, मोन्झाला (निदान स्वतःशी) आपल्या भीतीबद्दल आणि फुजीला जोखमीबद्दल, लाउडाने दर वेळी जे होतं ते तसंच नोंदवलं. पाचही वेळा त्याची किंमत वेगवेगळी होती, फुजीला सगळ्यात जास्त.

मुलगा म्हणेल, ठीक आहे, पण जिंकला कुठे? १९७७ साली जिंकला. फेरारीत त्याच्यावरचा विश्वास उडाला होता, तरी मोसमात तीन विजय आणि सातत्यावर त्याने वॉटकिन्स ग्लेनला विजेतेपद पक्कं केलं आणि दोन शर्यती शिल्लक असतानाच फेरारी सोडली. पुढे ब्रॅबम टीममध्ये दोन वर्षं. १९७९ साली कॅनडात, सरावाच्या मध्येच, गोल गोल चालवण्यात आता रस उरला नाही असं त्याला जाणवलं आणि तो त्या दिवशी निवृत्त झाला. रस संपल्याचं असं स्वतःशी कबूल करणारा ड्रायव्हर विरळा.

पण १९८४चं वर्ष मला सगळ्यात जास्त आवडतं. १९८२ला तो मॅकलारेनमधून परतला होता आणि तिसऱ्याच शर्यतीत, लाँग बीचला, जिंकलाही होता. १९८४ला शेजारच्या गाडीत आला आलँ प्रोस्त, वयाने सहा वर्षांनी लहान आणि एका लॅपपुरता निर्विवाद वेगवान. जवळपास प्रत्येक पात्रता फेरीत प्रोस्त पुढे असायचा. लाउडाने ते नाकारलं नाही. पात्रतेच्या लॅपमध्ये मी याला हरवू शकत नाही, हे मान्य करून त्याने आपला वेळ शर्यतीच्या सेट-अपवर लावला : भरलेल्या टाकीने गाडी कशी वागते, टायर किती टिकतात, मधे इंधन भरायला बंदी असताना २२० लिटरमध्ये टर्बो इंजिन शेवटपर्यंत कसं न्यायचं. त्या वर्षी एकही पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सुरू होतानाची पहिली जागा, न घेता त्याने पाच शर्यती जिंकल्या. त्यातली एक ऑस्ट्रियाची, घरची. तिथे आघाडीवर असताना त्याचा चौथा गिअर गेला. थांबावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं, मग उरलेल्या गिअरांवर गाडी चालतेय असं दिसल्यावर तो चालवत राहिला. मागच्या नेल्सन पिकेला बिघाडाचा पत्ताच लागला नाही आणि लाउडा जिंकला. तुमच्या मुलाला फुजीच्या शेजारी ही शर्यत ठेवायला सांगा. माणूस तोच आणि मोजमापही तेच. इथे मोजणीचं उत्तर ‘चालव’ असं आलं.

शेवटची शर्यत एस्टोरिलला होती. प्रोस्त ती जिंकला, मोसमातला त्याचा सातवा विजय. लाउडा अकराव्या जागेवरून सुटला होता आणि त्याला दुसरा क्रमांक हवाच होता. एकेक करत तो तिसऱ्यापर्यंत आला, पुढच्या नायजेल मॅन्सेलचे ब्रेक गेले आणि लाउडा दुसरा झाला. अंतिम गुण ७२ विरुद्ध ७१.५. हा अर्धा गुण आला कुठून? मोनॅकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यातच थांबवली गेली होती आणि विजेत्या प्रोस्तला अर्धेच गुण मिळाले होते. आठ वर्षांपूर्वी पावसाने लाउडाचं एक विजेतेपद नेलं होतं. मी यात दैवी न्याय वगैरे शोधत नाही. पण प्रत्येक शर्यतीत थोडं थोडं गोळा करणारा माणूस अर्ध्या गुणाच्या अंतरावर हजर असतो, एवढं नक्की. १९८५ला झांडवूर्टला, प्रोस्तला अगदी पाठीवर घेऊन, त्याने त्याचा पंचविसावा आणि शेवटचा विजय मिळवला.

त्याचं विमान कंपनीचं आयुष्य इथे थोडक्यात घेतो, कारण तिथेही तोच स्वभाव दिसतो. २६ मे १९९१ रोजी लाउडा एअरचं बोइंग ७६७ थायलंडमध्ये कोसळलं आणि विमानातले सगळे २२३ जण गेले. लाउडा स्वतः घटनास्थळी गेला. उड्डाणात एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा जोर उलटा फिरवणारी यंत्रणा, उघडला होता. अशा वेळी वैमानिक विमान सावरू शकतो का, हे पाहण्यासाठी तो बोइंगच्या सिम्युलेटरमध्ये बसला, आणि सावरणं शक्य नव्हतं हे उघडपणे मान्य करावं म्हणून कंपनीच्या मागे लागला. पुढे त्या यंत्रणेला जादा कुलूप बसवलं गेलं. २० मे २०१९ रोजी तो गेला. त्याआधी मर्सिडीज टीमचा अध्यक्ष म्हणून लुईस हॅमिल्टनला त्या टीममध्ये यायला राजी करणाऱ्यांत तो प्रमुख होता.

आता कर्जाचा प्रश्न. लाउडाने कर्ज घेतलं तेव्हा तो सज्ञान होता, सही त्याची होती, विमा त्याच्या जिवाचा होता. त्या काळी एका माणसाला परवडेल अशा कर्जात फॉर्म्युला वनची जागा मिळू शकत होती. आज तो दरवाजा बंद आहे. कार्टिंग, फॉर्म्युला फोर, थ्री, टू अशा पायऱ्या चढून सुपर लायसन्सचे, म्हणजे फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याचे, ४० गुण गोळा करावे लागतात, आणि परदेशातला एकेक मोसम कोटींच्या हिशेबात जातो. मुंबईच्या जेहान दारुवालाने फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, तरी त्याला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरायची संधी मिळाली नाही. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक या दोघांनंतर कोणीच भारतीय तिथे पोहोचलेला नाही.

पण पैशापेक्षा मला दुसरी काळजी जास्त वाटते. घर किंवा जमीन गहाण आहे हे माहीत असलेला चौदा वर्षांचा मुलगा पिटमध्ये येऊन ‘मला भीती वाटली’ म्हणणार नाही. ‘गाडी चांगली आहे, मीच हळू आहे’ हेही म्हणणार नाही. तो ‘सगळं ओके’ म्हणेल. म्हणजे ज्या गुणासाठी आपण लाउडाकडे पाहतोय तोच त्या कर्जाखाली दबून जाईल. म्हणून माझं मत असं : राष्ट्रीय कार्टिंगचा एक मोसम तुमच्या बचतीतून, घरखर्चाला हात न लावता होत असेल तर जरूर करा. त्यासाठी कर्ज लागत असेल तर थांबा, भाड्याच्या कार्टवर क्लबच्या शर्यती करू द्या, प्रायोजक शोधा. मुलगा सज्ञान झाल्यावर स्वतःच्या सहीने जोखीम घ्यायची म्हणाला तर तो त्याचा हिशेब असेल. तेव्हा त्याच्यापुढे आकडे ठेवा, आजोबा लाउडांसारखं पडद्यामागून मोडू नका. घरात खूप पैसा असेल तर अर्थातच यातलं बरंचसं तुम्हाला लागू होत नाही.

पावसातल्या सरावाला माझा पाठिंबा आहे, दोन अटींवर. कार्टला पावसाचे टायर हवेत आणि ट्रॅकवर मार्शल, म्हणजे सुरक्षेवर लक्ष ठेवणारी माणसं, हवीत. पाणी साचून तळी झाली असतील तर त्या दिवशी चहा पिऊन घरी या. सेट-अपला पुढची चाकं बाहेर आणि मागची आत घ्यायला मेकॅनिकला सांगा, म्हणजे पुढच्या टायरला पकड मिळते. कोरड्यातली नेहमीची रेषा सोडून बाहेरून जायला शिकवा, कारण त्या रेषेवर बसलेलं रबर ओलं झालं की फार निसरडं होतं. ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर चाक जाऊ देऊ नका. प्रत्येक सेशननंतर त्याला वळणागणिक विचारा आणि तो सांगेल ते वहीत लिहा, न टोकता. पहिली काही सेशन स्टॉपवॉच तुमच्या घरच्या गाडीतच राहू द्या.